कॅस सीनिक रेलरोड: गिअरच्या जोरावर डोंगर चढणारी आगगाडी

अमेरिकेत मुलाबाळांकडे आलेल्या आपल्या माणसांना नायगारा, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन दाखवलं जातं. ते पाहावंच. पण ज्यांना यंत्रांची ओढ आहे त्यांनी गाडीतून काही तास घाटवळणं सोसून वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅस या गावी जावं आणि कॅस सीनिक रेलरोडचं बाल्ड नॉब या शिखरापर्यंतचं तिकीट काढावं, असं मी आग्रहाने सांगेन. छोटं तिकीट नको, मोठंच काढा. का ते पुढे येईलच.

आधी स्वतःबद्दल थोडं सांगते, म्हणजे मी हे कुठल्या नजरेने बघतेय ते कळेल. बेव्हल गिअर, म्हणजे फिरण्याचा जोर काटकोनात वळवणारी तिरक्या दात्यांची चाकं, बनवणाऱ्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होते. दात्यांना निळा रंग लावायचा, जोडीचा गिअर फिरवायचा आणि एक दाता दुसऱ्याला नेमका कुठे टेकतो त्याचा ठसा बघायचा, यात माझी नोकरी गेली. एकदा पास केलेला गिअर पुन्हा दिसत नाही. तो गिअरबॉक्समध्ये जातो, तेलात बुडतो, वर झाकण बसतं. कॅसला मात्र ते गिअर उघड्यावर, थेट रेल्वेच्या चाकांवर बसवलेले आहेत आणि भर प्रवासात डोळ्यांसमोर फिरताना दिसतात. आमच्या गाडीचं इंजिन १९२३ सालचं होतं. माझ्यासारखीला याहून जास्त काय हवं?

कॅस हे पोकाहॉन्टस काउंटीतलं, ग्रीनब्रायर नदीच्या काठावरचं एवढंसं गाव. ते वसलं १९०१ मध्ये, आणि वसवलं एका कंपनीने. वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीला कागदाच्या लगद्यासाठी रेड स्प्रूस या सूचीपर्णी झाडाचं लाकूड हवं होतं, आणि स्प्रूस होता तो गावामागच्या डोंगरावर, खूप उंचावर. खाली नदीकाठाने चेसापीक अँड ओहायो रेल्वेचा रूळ नुकताच आला होता. लगद्याचं लाकूड त्या रुळावरून शेजारच्या राज्यातल्या, म्हणजे व्हर्जिनियातल्या कोव्हिंग्टनच्या कागद कारखान्यात जाणार होतं. अडचण होती ती डोंगरावरून खाली आणायची. म्हणून कंपनीने खास लाकडासाठी डोंगरावर रेल्वे चढवली, पायथ्याशी लाकूड कापायची मोठी गिरणी घातली (ती १९०२ मध्ये सुरू झाली), आणि कामगारांसाठी एका साच्यातली पांढरी दुमजली लाकडी घरं बांधली. गावाला नाव दिलं कंपनीच्या जोसेफ कॅस यांचं.

गिरणी ऐन भरात असताना अकरा-अकरा तासांच्या दोन पाळ्या चालत, आठवड्याचे सहा दिवस. एका पाळीत सव्वा लाख बोर्ड फुटांहून जास्त लाकूड कापलं जाई. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. आपल्याकडे वखारीत लाकूड घनफुटात मोजतात, त्या हिशेबाने एका पाळीला दहा हजार घनफुटांच्या वर झालं. आणि हे सगळं लाकूड एकाच वाटेने खाली यायचं, ज्या वाटेने आज आपण हौसेने वर जातो.

आता चढाबद्दल. या मार्गावर सर्वांत अवघड ठिकाणी चढ ११ टक्के आहे, म्हणजे शंभर फूट पुढे गेलं की अकरा फूट वर. साधारण नऊला एक. आपल्या बोरघाटात सदतीसला एक असा चढ आहे, आणि तेवढ्यासाठीही गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. कॅसचा चढ त्याच्या चौपट आहे, आणि मध्ये दात्यांचा तिसरा रूळ नाही की वर ओढणारा दोर नाही. गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक, बस.

साधं वाफेचं इंजिन इथे का चालत नाही ते समजलं, तर या गाडीतली निम्मी मौज हाताला लागते. साध्या इंजिनात पिस्टनचा दांडा थेट मोठ्या चाकांना जोडलेला असतो. चाकाच्या एका फेऱ्यात वाफेचे चार धक्के बसतात. त्यामुळे जोर एकसारखा लागत नाही, मध्येच वाढतो, मध्येच कमी होतो. जोर वाढतो त्या क्षणी तीव्र चढावर चाक जागच्या जागी फिरतं. शिवाय टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाड्याच्या, चाकांना जोर नसतो, ते निव्वळ ओझं. आणि जंगलातला रूळ म्हणजे घाईघाईने टाकलेला, हलका, वाकडातिकडा, झाडं संपली की उचलून दुसरीकडे न्यायचा. लांब ताठ चौकटीचं इंजिन त्यावर टिकत नाही, वळणावर उतरतंच.

मिशिगन राज्यात इफ्रेम शे नावाचा एक लाकूडतोडीचा व्यावसायिक होता. त्या काळी ओंडके बर्फावरून घसरगाडीने ओढून आणत, म्हणजे बर्फ नसला की धंदा बंद. बारा महिने लाकूड हलवता यावं म्हणून त्याने स्वतःच्या खटपटीने एक इंजिन रचलं आणि १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ओहायोतल्या लायमा गावच्या कारखान्याने ती इंजिनं बनवायला घेतली आणि १९४५ पर्यंत सुमारे २,७७० बनवली. ती शे इंजिनं. कॅसची आजची गाडी मुख्यतः याच इंजिनांवर चालते.

शे इंजिन पहिल्यांदा पाहणारा माणूस थबकतो, कारण ते एका अंगाला कललेलं वाटतं. समोर उभं राहा: बॉयलर मधोमध नाही, डाव्या बाजूला सरकवलेला आहे. कारण उजव्या अंगाला ड्रायव्हरच्या केबिनपुढे तीन सिलिंडर उभे केलेले आहेत आणि त्यांचं वजन तोलायला बॉयलरला दुसरीकडे जावं लागलं. हे तीन पिस्टन खालीवर होतात आणि खाली आडवा क्रँकशाफ्ट फिरवतात. त्या शाफ्टला पुढे आणि मागे जोड देऊन तो इंजिनाच्या टोकापासून टेंडरच्या टोकापर्यंत, चाकांच्या बाहेरून, उजव्या बाजूने नेलेला आहे. शाफ्टवर प्रत्येक चाकासमोर एक छोटा बेव्हल गिअर, म्हणजे पिनियन, आणि चाकाच्या बाहेरच्या तोंडावर बोल्टने बसवलेला मोठा बेव्हल गिअर. असं प्रत्येक आसाला. टेंडरचं चाकसुद्धा सुटलेलं नाही. म्हणजे इंजिनाचं वजन, पाणी, कोळसा, सगळं रुळाला पकडून ठेवायच्या कामी येतं. फुकट वाहिलेलं ओझं काहीच नाही.

तीन सिलिंडर असल्यामुळे जोर एकसारखा येतो, आणि मध्ये गिअर असल्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात साध्या इंजिनाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त फुत्कार होतात. परिणाम असा, की कानांना वाटतं मेल गाडी भरधाव चाललीय आणि बाहेर बघावं तर शेजारून माणूस धावत सोबत करू शकेल इतकाच वेग आहे. हे वाचून कळत नाही, ऐकावं लागतं. सगळी गाडी त्या तालाने बारीक थरथरत असते.

मी जागा धरली होती ती शेवटच्या डब्यात, उजव्या बाजूला. याला कारण आहे. चढताना इंजिन गाडीच्या मागे असतं आणि डबे पुढे ढकलतं. डब्यांची जोडणी तुटली तर डबे उतारावर सुटू नयेत, इंजिनावर येऊन टेकावेत, हा त्यातला हिशेब. इंजिनाचं तोंड डब्यांकडे असतं, म्हणून शेवटच्या डब्यातून मागे वळून पाहिलं की ते समोरच दिसतं. आणि रूळ उजवीकडे वळला की इंजिनाची उजवी बाजू वळणाच्या आतल्या अंगाला येते आणि सगळी यंत्रणा नजरेला पडते.

त्या वळणावर मी जे पाहिलं ते जरा सविस्तर सांगते. चाकांची बोगी, म्हणजे आस आणि चाकं धरणारी खालची चौकट, वळली की क्रँकशाफ्ट आणि बोगी यांच्यातलं अंतर बदलतं. मग शाफ्ट मोडत कसा नाही? तर मधला तुकडा चौकोनी आहे आणि तो एका चौकोनी नळीत बसवलाय. दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे दांडा कोनात असतानाही फिरू देणारा सांधा. वळण सुरू झालं तसा तो चौकोनी दांडा नळीत आत सरकला, वळण संपल्यावर बाहेर आला, आणि हे होत असताना तो फिरतही होता, जोरही पोचवत होता. बाहेर आलेला भाग ग्रीसने चकाकत होता. आज ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये हीच कल्पना स्प्लाइनच्या, म्हणजे दांड्यावरच्या उभ्या खाचांच्या, रूपात असते. ती इतक्या ढळढळीत, बोट दाखवून शिकवता येईल अशी मी आयुष्यात कधी पाहिली नव्हती.

आणि गिअर. ते जवळून पाहायची संधी व्हिटेकरला मिळाली, जिथे गाडी थांबते. लोक खाण्याच्या टपरीकडे आणि फोटोंकडे गेले, मी इंजिनाच्या उजव्या अंगाला गेले. दात्यांच्या कडांना काळं घट्ट ग्रीस साचलेलं, आणि मधोमध, जरा आतल्या टोकाकडे सरकलेला, घासून लखलखीत झालेला लांबट पट्टा. हाच आमचा कॉन्टॅक्ट पॅटर्न. आम्ही निळा रंग लावून जो ठसा शोधायचो तो इथे कामानेच उमटला होता, आणि तो होता अगदी हवा तिथे. दाता टोकाला टेकला असता तर कोपरा कधीच तुटून पडला असता. ज्यांनी हे गिअर बसवले, ज्यांनी बेअरिंगं झिजल्यावर पुन्हा अंतर जुळवलं, त्या फिटरांचा हात त्या पट्ट्यात दिसत होता. लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन इंजिनाचा माणूस एकेका बेअरिंगला तेल देत फिरत होता. मी बराच वेळ एका जागी उभी आहे हे पाहून त्याने विचारलं, काही हवंय का? मी गिअरकडे बोट दाखवून म्हटलं, मी हेच तपासायचं काम करायची. तो बाजूला झाला, हातातल्या चिंधीने एका दात्यावरचं ग्रीस पुसलं आणि मला नीट बघू दिलं. आमचं बोलणं तेवढंच झालं, पण कामाची ओळख पटली.

व्हिटेकरला पोचायच्या आधी दोन स्विचबॅक लागतात. डोंगराला वळसा घालायला जागाच नाही, म्हणून गाडी एका टोकापर्यंत जाते, थांबते, सांधा बदलला जातो आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढते. मग दुसऱ्या टोकाला पुन्हा उलट. पूर्वी खंडाळ्याच्या घाटात रिव्हर्सिंग स्टेशन होतं, ते १९२९ मध्ये बंद झालं. त्याच्याबद्दल ऐकलं होतं, पण तो प्रकार प्रत्यक्ष अनुभवला इथे. दोन स्विचबॅकच्या मधल्या तुकड्यात इंजिन आपोआप वरच्या टोकाला येतं आणि डबे ढकलण्याऐवजी ओढतं. आधी पुढचं टोक वर होतं, आता मागचं. बॉयलरमधलं पाणी त्याप्रमाणे कलतं, त्यामुळे अशा ठिकाणी फायरमनची नजर पाण्याच्या काचेवर असावी लागते. बॉयलरच्या भट्टीवरचा पत्रा पाण्याबाहेर उघडा पडला तर बॉयलर फुटण्याचा धोका. एकीकडे हे आणि दुसरीकडे फावड्याने कोळसा. फायरमनचं काम किती अवघड असेल ते इथे कळतं.

व्हिटेकरला लाकूडतोड्यांचा एक कॅम्प उभा करून ठेवलाय. त्यात लिजरवूड कंपनीचं टॉवर स्किडर आहे, ते सोडू नका. रेल्वेच्या गाड्यावर उभारलेला हा अवाढव्य मनोरा. त्याच्यावरून दरीपलीकडे पोलादी दोर ताणायचे आणि तोडलेले ओंडके हवेतून रुळापर्यंत ओढून आणायचे, तीन हजार फुटांपर्यंतच्या अंतरावरून. जगात अशी फार थोडी यंत्रं उरली आहेत. त्याच्याखाली उभं राहिलं की या डोंगरावर किती वेगाने तोड झाली असेल ते कुणी सांगावं लागत नाही.

या तोड्यांना इथे वुड हिक म्हणत. कॅम्पमध्ये राहायचं, दिवसाचे अकरा तास काम. रूळ टाकायला आलेल्यांत इटलीहून आलेले मजूर बरेच होते. जेवणाच्या टेबलावर बोलायचं नाही हा लाकूडतोड कॅम्पमधला रिवाज होता: खायचं, उठायचं. झाड अंगावर पडणं, ओंडका घसरणं, उतारावर ब्रेक न लागणं हे नित्याचे धोके. माझ्या कारखान्यात बोट गेलेली माणसं मी पाहिलीत, त्यामुळे या चकचकीत यंत्रांकडे बघताना ही माणसं माझ्या मनातून जात नाहीत.

छोट्या तिकिटाची गाडी व्हिटेकरहून परत फिरते. येऊन-जाऊन आठ मैल, दोन तास. मोठ्या तिकिटाची पुढे बाल्ड नॉबला जाते, येऊन-जाऊन २२ मैल, साडेचार तास. बरेच लोक वेळ वाचवायला छोटीवर भागवतात. लहान मुलं सोबत असतील तर ते ठीक आहे. पण माझ्या मते या रेल्वेचा खरा इतिहास व्हिटेकरच्या वर आहे, कारण ज्याच्यासाठी ही रेल्वे झाली तो स्प्रूस वर आहे.

वाटेत एक फाटा स्प्रूस नावाच्या गावाकडे जातो. कंपनीने ते ३,८५३ फूट उंचीवर वसवलं होतं. लगद्याच्या लाकडाची साल तिथेच काढायची गिरणी होती, घरं होती, हॉटेल, दुकान, शाळा होती. गावाला रस्ता मात्र नव्हता. यायचं-जायचं ते रेल्वेनेच. तिथल्या हिवाळ्यात, त्या उंचीवर, रेल्वे अडकली की सगळंच अडकलं. १९२५ मध्ये गिरणी बंद झाली आणि गाव ओस पडत गेलं. अशी गावं नकाशावर उगवली आणि पुसली गेली ती एका झाडापायी.

आणि झाडाचं काय झालं? वेस्ट व्हर्जिनियातलं मूळचं जंगल १९२० च्या दशकापर्यंत जवळपास सगळं तुटलं. तोडीनंतर डोंगरावर फांद्या आणि सालीचा कचरा पसरलेला असे. इंजिनाची एखादी ठिणगी त्यावर पडली की वणवा. काही ठिकाणी मातीसुद्धा जळून खाली उघडा खडक राहिला. माती गेली म्हणजे पाणी थांबत नाही, पूर येतात. खालच्या शहरांना पुरांचे तडाखे बसले तेव्हा सरकार हललं. १९११ च्या वीक्स कायद्याने नद्यांच्या उगमाकडची उजाड जमीन विकत घ्यायची सोय झाली आणि १९२० मध्ये मोनोंगाहेला राष्ट्रीय वनाची स्थापना झाली. आज गाडीतून दिसणारी बहुतेक हिरवाई त्यानंतर पुन्हा उगवलेली आहे. मला या इंजिनांचं मनापासून कौतुक आहे, पण हे लिहिल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. ज्या हुशारीने हा चढ जिंकला तिनेच हा डोंगर बोडका केला. दोन्ही गोष्टी एकाच तिकिटात बघायला मिळतात, म्हणून तर मोठं तिकीट.

गाडी जसजशी वर जाते तसतसं जंगल बदलतं. खाली मेपल, चेरी, ओक अशी पानगळीची झाडं. वर गेल्यावर हवा गार होते, प्रकाश कमी होतो आणि काळपट हिरवे स्प्रूस सुरू होतात. खाली शेवाळ, कुजलेली लाकडं, मऊ जमीन. या स्प्रूसच्या आश्रयाने इथली उडती खार जगते. स्प्रूस गेले तशी तीही दुर्मीळ झाली होती. १९८५ मध्ये तिला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकावं लागलं, पुढे जंगल सावरलं तशी ती यादीतून बाहेर आली. खार काही आम्हाला दिसली नाही, ती रात्री फिरते.

मध्ये एका झऱ्यापाशी गाडी पाणी घ्यायला थांबते. ओट्स रन त्याचं नाव. नळी टाकून वाफेच्या जोरावर पाणी टाकीत खेचलं जातं. वाफेचं इंजिन पाण्याला किती भुकेलेलं असतं ते इथे दिसतं. माझे यजमान एरवी यंत्रांपाशी कंटाळतात, तेही इथे खाली उतरून बघत उभे राहिले.

बाल्ड नॉब हे ४,८४२ फुटांचं शिखर, राज्यातल्या सर्वांत उंच शिखरांपैकी एक. पायथ्याचं कॅस सुमारे २,४५० फुटांवर, म्हणजे अकरा मैलांत जवळजवळ २,४०० फूट चढ. वरून पूर्वेकडे डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसतात आणि त्यांच्यामध्ये एक पांढरी वस्तू चमकते. ती ग्रीन बँकची रेडिओ दुर्बीण, शंभर मीटर रुंद तबकडीची, पूर्ण फिरवता येणारी. तिला आकाशातले क्षीण संदेश ऐकू यावेत म्हणून १९५८ पासून हा सगळा मुलूख रेडिओ-शांत क्षेत्र ठरवलाय. दुर्बिणीजवळ तर डिझेलच्याच गाड्या नेतात, कारण पेट्रोल गाडीच्या स्पार्क प्लगची ठिणगीसुद्धा तिला ऐकू येते. वाफेच्या इंजिनात बसून अशी दुर्बीण बघायला मला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथेही गेलो. जवळच आहे, तेही जोडून करा.

ही रेल्वे वाचली कशी हेही सांगायला हवं. मूळ कंपनीने १९४२ मध्ये गिरणी आणि रेल्वे मोअर लंबर कंपनीला विकली. १ जुलै १९६० ला गिरणी बंद झाली. रूळ आणि इंजिनं भंगारात निघाली, काही उखडायलाही सुरुवात झाली. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल बॉम या रेल्वेवेड्या माणसाने चार लोकांना गोळा करून आमदारांच्या गाठी घेतल्या आणि राज्य सरकारने ही रेल्वे विकत घ्यावी असा नेट धरला. सरकार १९६१ मध्ये तयार झालं. १५ जून १९६३ ला प्रवाशांची पहिली गाडी सुटली, व्हिटेकरपर्यंत. पहिल्याच हंगामात २३,००० लोक आले. बाल्ड नॉबपर्यंत गाडी १९६८ मध्ये जाऊ लागली. आपण बसतो ते डबेसुद्धा ओंडके वाहायच्या सपाट गाड्यांवर बाकडी आणि छत बसवून केलेले आहेत. ओंडक्यांच्या जागी माणसं आली, बाकी वाट तीच. २०१५ पासून गाडी चालवायचं काम डर्बिन अँड ग्रीनब्रायर व्हॅली रेलरोडकडे आहे.

कॅसला आणखी दोन जातींची गिअरची इंजिनं आहेत, क्लायमॅक्स आणि हाइसलर. तिन्ही जाती एका गावात बघायला मिळणं फार दुर्मीळ. हाइसलर १९२९ चं, त्याचे दोन सिलिंडर बॉयलरखाली इंग्रजी व्हीच्या आकारात. क्लायमॅक्स १९१९ चं, त्याचे सिलिंडर दोन बाजूंना तिरके. ते कित्येक वर्षं सुटं पडलं होतं. हौशी लोकांनी खपून ते दुरुस्त केलं आणि २०१९ च्या अखेरीस ते पुन्हा चालू झालं. इथल्या शे इंजिनांत ५ नंबरचं १९०५ सालचं आहे आणि त्याने जवळपास सगळं आयुष्य याच डोंगरावर काढलंय. ६ नंबरचं म्हणजे लायमाने १९४५ मध्ये बनवलेलं अगदी शेवटचं शे, १६२ टनांचं धूड. १९०५ च्या शेपासून शेवटच्यापर्यंत रचना मुळात तीच राहिली, हे दोन्ही पाहिल्यावर मनाला भिडतं.

आता कामाच्या गोष्टी. कपडे जुने घाला आणि गडद रंगाचे. कोळशाची कणी अंगावर येतेच, शेवटच्या डब्यात तर जास्तच. डोळ्यांना चष्मा हवा. उन्हाळ्यात गेलात तरी स्वेटर आणि कानटोपी न्या, वर हवा खरंच गार असते. बाकडी लाकडी आहेत, कंबरेचा त्रास असेल तर छोटी उशी घ्या. बाल्ड नॉबच्या तिकिटात दुपारचं जेवण मिळतं, पण आपल्या जिभेसाठी आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. गर्दी सर्वांत जास्त पानांचे रंग पालटतात तेव्हा, सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला. तेव्हाचं तिकीट आधीच काढून ठेवा.

जमलं तर रात्री गावातच राहा. कामगारांची ती पांढरी घरं आता पर्यटकांना भाड्याने मिळतात, सैपाकघरासकट. जुनं कंपनीचं दुकान आजही दुकानच आहे. संध्याकाळी फळ्यांच्या पायवाटेने चालत जा, नदीकाठी गिरणीचे अवशेष बघा. गिरणी आगीत गेली, पण जागा किती मोठी होती ते कळतं. नदीकाठचा जुना रूळ उखडून तिथे आता ७८ मैलांची सायकलची वाट केलीय. जावई आणि नात त्यावर सायकली घेऊन गेले आणि खूश होऊन आले.

रेडिओ-शांत क्षेत्रामुळे मोबाईलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि तिकिटाची छापील प्रत जवळ ठेवा. शेवटचा रस्ता वळणावळणाचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं. पेट्रोल पंपही तुरळक, दिसेल तिथे टाकी भरून घ्या. आणि सुटायच्या वेळेच्या बऱ्याच आधी पोचा, कारण इंजिन कोळसा-पाणी घेऊन डब्यांना जोडलं जातं तेव्हा ते निवांत बघता येतं.